विरोधाचा रकाना

मला वाचता आलेला पहिला मोठा शब्द ‘सर्वानुमते’. शाळेच्या पुस्तकात तो नव्हता, वडिलांच्या छापखान्यात होता. नाशिकच्या द्वारका चौकाजवळ एक जुनं दुमजली व्यापारी संकुल आहे, बेचाळीस गाळ्यांचं. टायर, स्पेअर पार्ट, ट्रान्सपोर्टची बुकिंग ऑफिसं, झेरॉक्स, शिलाई, आणि जिन्याखाली आमचा छापखाना. शाळा सुटली की मी तिथे जायचे, कागदाच्या रिमांवर बसून डबा खायचे आणि समोर वाळत पडलेलं जे असेल ते मोठ्याने वाचायचे. त्या दिवशी गाळेधारक संघाचं इतिवृत्ताचं रजिस्टर छापून झालं होतं. दर सभेत तेच तेच लिहायचा कंटाळा येतो, म्हणून संघाच्या अध्यक्षांनी ते छापूनच मागवलं होतं. प्रत्येक पानावर वर ठरावासाठी कोऱ्या ओळी. मग ‘सूचक श्री.’ आणि पुढे रेघ. ‘अनुमोदक श्री.’ आणि पुढे रेघ. शेवटी रेघही नाही, मोकळी जागाही नाही, छपाईच्या ठळक खिळ्यांत नुसतं एवढंच: ‘ठराव सर्वानुमते मंजूर.’

“म्हणजे काय?” मी विचारलं.

“सगळ्यांना पटलं, असं.”

“पण अजून काही ठरलंच नाहीये.”

वडील हसले आणि माझ्या हातात पुढचं पान देत म्हणाले, “पुढचं वाच.” पुढच्या पानावरही तेच होतं.

मी पत्रकांवर वाढले. वडील सगळ्यांची पत्रकं छापायचे: संपाची, कीर्तनाची, हरवलेल्या माणसाची, एकाच वॉर्डातल्या दोन्ही उमेदवारांची. त्यातलं जे आवडेल त्याची एक प्रत ते पत्र्याच्या ट्रंकेत टाकायचे. सुट्टीत इतर मुली मामाकडे जायच्या, मी ट्रंक उपसायचे. त्यात एका अभ्यास मंडळासाठी छापलेली चोवीस पानी पुस्तिका होती. जगात ठिकठिकाणी हुकूमशाही कशी गेली आणि मागाहून आलेल्यांनी जुन्या लोकांचं काय केलं, एवढाच तिचा विषय. मी ती पिना निघेपर्यंत वाचली. चिलीत लोकांनी मतपेटीतून ‘नाही’ म्हटलं, तरी तिथला हुकूमशहा सेनापती जाताना लष्कर स्वतःच्या मुठीत ठेवून गेला आणि पुढे तहहयात सिनेटर झाला. स्पेनमध्ये सगळ्यांनी मिळून ठरवलं की मागचं काढायचं नाही. दक्षिण आफ्रिकेत म्हणाले, समोर येऊन खरं सांगा, मग माफीचं बघू. बाराव्या वर्षी मला यातला एकही मार्ग पटला नव्हता. मला वाटायचं, धरून आणावं आणि चौकात उभं करावं. कोणाला उभं करायचं, ते मला तेव्हा माहीत नव्हतं. पुढच्याच वर्षी कळलं.

संघाच्या अध्यक्षांना सगळे भाऊ म्हणत. गाळा नंबर एक, टायरचं दुकान, वर माळ्यावर त्यांचं ऑफिस. माझ्या जन्माआधीपासून तेच अध्यक्ष. त्यांनी काही केलंच नाही असं म्हटलं तर खोटं होईल. संकुलाला पाणी त्यांनी आणलं, अतिक्रमणवाल्यांची गाडी दोनदा त्यांनी परत पाठवली. म्हणून लोक म्हणायचे, भाऊ आहेत म्हणून आपण आहोत. मीटरच्या खोलीची किल्ली त्यांच्या शर्टाच्या खिशात, पेनाशेजारी. दर तीन वर्षांनी निवडणुकीची नोटीस लागायची. कोणी हौशीने अर्ज भरलाच तर भाऊंचा निरोप यायचा, “वर या, चहा घेऊ.” चहा व्हायचा आणि अर्ज मागे घेतला जायचा. मग पेढे आणि गुलाल. फलक आमच्याकडेच छापला जायचा: ‘बिनविरोध निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.’ बिनविरोध हा शब्द आपल्याकडे लोक किती कौतुकाने उच्चारतात! भांडण झालं नाही, म्हणजे चांगलं झालं. गळा कोणाचा दाबला होता ते कोण बघतो?

मी तेरा वर्षांची असताना भाऊंनी तळमजल्यावरचं बायकांचं स्वच्छतागृह बंद करून तिथे टायर ठेवायचं ठरवलं. संकुलात तेव्हा पाच-सहा बायका काम करायच्या. त्यांनी कुठे जायचं, हा प्रश्न विषयपत्रिकेवर नव्हता. वार्षिक सभा गच्चीवर होती आणि मी वडिलांच्या शेजारी सतरंजीवर बसले होते. ठराव वाचून झाला. सूचक, अनुमोदक झाले. वडील उठले. सभेत बोलायला म्हणून उठलेले मी त्यांना पहिल्यांदाच बघत होते.

“माझा विरोध आहे,” ते म्हणाले. “लिहून घ्या.”

भाऊंनी रजिस्टर उचललं, पान सगळ्यांना दिसेल असं धरलं आणि म्हणाले, “विरोधाला रकाना कुठाय रे यात? तूच छापलंयस ना? दाखव बरं.”

गच्ची हसली. सगळी हसली, हे मी विसरणार नाही. कोण पुढे वाकून हसलं, कोण तोंडावर रुमाल धरून हसलं, मला आजही सांगता येईल. वडील थोडा वेळ उभे राहिले आणि खाली बसले. सचिवाने सही केली. ठराव सर्वानुमते मंजूर.

दुसऱ्या दिवशी आमच्या गाळ्यातली वीज गेली. बाकी एकेचाळीस गाळे चालू. वडील भाऊंकडे गेले तर ते म्हणाले, “फॉल्ट आहे, बघतो.” लग्नसराईचे दिवस होते, पत्रिकांचं काम पडून होतं. अकरा दिवस फॉल्ट राहिला. शेजारचा झेरॉक्सवाला रोज सकाळी शटर उघडताना विचारायचा, “काय, फॉल्ट आहे का अजून?” आणि हसायचा.

बाराव्या दिवशी भाऊंनी वडिलांना बोलावून घेतलं. लेखी माफी हवी होती. आणि छापून हवी होती. बेचाळीस प्रती. एकेचाळीस गाळ्यांत वडिलांनी स्वतः वाटायच्या, एक संघाच्या सूचनाफलकावर लावायची. “तुझाच छापखाना आहे, तुला काय जड आहे?”

वीज आली ती ते छापण्यासाठी. मी शेजारी उभी होते. ‘मागील सभेत माझ्याकडून अनवधानाने जे वर्तन घडले त्याबद्दल मी संघाची व मा. अध्यक्षांची जाहीर माफी मागतो.’ वडिलांनी त्याचं प्रूफ दोनदा तपासलं. स्वतःच्या अपमानातसुद्धा त्यांना ऱ्हस्व-दीर्घाची चूक चालली नाही. मग आम्ही दोघं गाळ्यागाळ्यात गेलो. ते गठ्ठा धरायचे, मी एकेक कागद द्यायचे. काही जणांनी न बघता घेतला. शिलाईवाल्या मावशींनी घेतलाच नाही, मशीन थांबवून मान खाली घातली. एकाने त्याच कागदावर भजी खाल्ली. एक प्रत मी फ्रॉकच्या खिशात घातली. ती आजही माझ्याकडे आहे, घडीवर फाटलेली.

त्या दिवसापासून मला दोनच गोष्टी हव्या होत्या. वडिलांचा तो विरोध कुठेतरी लिहिलेला बघायचा होता, आणि तो माणूस माझ्या हातून भरडलेला बघायचा होता. पुढची चौदा वर्षं मी लेख लिहिले, पत्रकं लिहिली, मोर्च्यांत गेले. मोठमोठ्या शब्दांत लोकशाहीवर बोलले. प्रत्येक वेळी डोळ्यांसमोर ती गच्ची असायची.

भाऊ पडले ते माझ्या पत्रकामुळे नाही. मला तसं लिहायला आवडलं असतं. ते पडले शिलाईवाल्या मावशींच्या एका वाक्यामुळे.

मावशी पेठ तालुक्यातल्या. लग्नानंतर नाशकात आल्या आणि पंचवीस वर्षं त्याच गाळ्यात ब्लाउज शिवत बसल्या. स्वच्छतागृह गेल्यापासून त्या दिवसभर पाणी पीत नव्हत्या. दोनदा मूतखड्याने दवाखान्यात जाऊन आल्या. निवडणुकीची नोटीस लागली त्या आठवड्यात त्या छापखान्यात आल्या आणि वडिलांना म्हणाल्या, “मला अर्ज लिहून द्या. अध्यक्षाचा.”

वडिलांनी माझ्याकडे बघितलं. मी अर्ज लिहिला. अनुमोदक म्हणून सटाण्याच्या काकांनी सही केली. त्यांचं कांद्याच्या गाड्यांचं बुकिंग ऑफिस होतं, आणि गच्चीवर सगळ्यात मोठ्याने हसलेल्यांत ते एक होते. सही करताना त्यांनी माझ्याकडे बघणं टाळलं.

दुसऱ्याच दिवशी, जिन्यात माणसांची वर्दळ असताना, भाऊंनी वरून हाक मारली, “काय वहिनी, अर्ज भरलात म्हणे! या वर, चहा घेऊ.”

मावशींनी हातातली कात्री खाली ठेवली आणि खालूनच ओरडून विचारलं, “चहा पिऊन मग जाऊ कुठं, भाऊ?”

क्षणभर कोणालाच कळलं नाही. मग टायरच्या दुकानातलाच एक कामगार फिस्कन हसला आणि जिना हसत सुटला. दुपारपर्यंत ते वाक्य बेचाळीस गाळ्यांत फिरलं. कोणी कोणाला चहा विचारला की उत्तर ठरलेलं: “पिऊन जाऊ कुठं?” भाऊ समोरून गेले तरी लोक चहाचे कप हातात धरून एकमेकांकडे बघायचे. इतकी वर्षं ज्या चहाने अर्ज मागे घेतले गेले, त्या चहाची अशी वाट लागली. मी पुस्तिकेत वाचलं होतं की लोकांची भीती गेली की सत्ता जाते. भीती अशी बाईच्या मुतायच्या प्रश्नावर हसता हसता जाते, हे त्यात नव्हतं.

हात वर करून मतदान घ्या, असा भाऊंचा आग्रह होता. नियमावलीत गुप्त मतदान लिहिलेलं होतं. ते कलम मी पत्रकावर छापून फलकावर लावलं, एवढंच माझं काम. बिस्किटाच्या डब्यात चिठ्ठ्या पडल्या. सदतीस आल्या. मावशींना बावीस, भाऊंना पंधरा. निकाल ऐकल्यावर भाऊ हळूच म्हणाले, “पण मला तर सव्वीस जणांनी शब्द दिला होता.” त्यांचं आश्चर्य खरं होतं. इतकी वर्षं लोक तोंडावर हो म्हणत होते, आणि ते हो त्यांनी खरं मानलं होतं.

आमचा गाळा आता माझ्या नावावर आहे आणि माझं अक्षर बरं आहे, म्हणून मला सचिव केलं. रजिस्टर आलं, शिक्का आला आणि मीटरच्या खोलीची किल्ली आली. किल्ली मी पर्समध्ये टाकली नाही. दोन दिवस मुठीत घेऊन हिंडले.

काय करायचं ते माझं ठरलेलं होतं. संगणकावर मी माफीनामा जुळवला. तोच मजकूर, तोच आकार. फक्त सहीच्या जागी भाऊंचं नाव आणि ‘गाळा क्रमांक १’ एवढा बदल. बेचाळीस प्रती काढल्या. तो माणूस गाळ्यागाळ्यात जाऊन वाटताना दिसेल, मी माझ्या दारात उभी असेन आणि शेवटची प्रत घेईन. पण आधी फॉल्ट.

मंगळवारी दुपारी मी मीटरच्या खोलीत गेले आणि एक नंबरचा स्विच खाली केला. बाहेर येऊन जिन्याच्या कठड्याला टेकून उभी राहिले. दुकानातला पंखा थांबला, टायरमध्ये हवा भरायचा पंप गप्प झाला. भाऊ बाहेर आले. वर तारांकडे बघितलं नाही, कोणाला हाक मारली नाही. सरळ माझ्याकडे बघितलं, खुर्ची ओढली आणि दारात बसले. फॉल्ट म्हणजे काय, ते त्यांच्याहून चांगलं कोणाला माहीत असणार? मला जे वाटलं त्याला सुख याशिवाय दुसरा शब्द नाही, आणि मी तो लपवणार नाही.

सुखात विघ्न आणलं झेरॉक्सवाल्याने. तो शटरमधून डोकावला, भाऊंकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, “काय ताई, फॉल्ट आहे का?” आणि हसला. तोच आवाज, तेच हसू. चौदा वर्षांत त्याचा एक दातही बदलला नव्हता. मग वरच्या मजल्यावरून दोघं खाली आले. एकाने विचारलं, “ताई, माझ्या बोर्डाची साईझ जरा वाढवली तर चालेल ना? तुम्ही म्हणाल तसं.” अकरा दिवस काय, अकरा महिने तो स्विच खाली ठेवला असता तरी यांनी मला सर्वानुमते मंजूर केलं असतं. माझ्या अंगाला घाण लागल्यासारखं झालं. दोन तासांनी मी स्विच वर केला. भाऊंची दया आली म्हणून नाही. झेरॉक्सवाल्याला ते हसू परत मिळालं, हे मला सहन झालं नाही.

माफीनाम्याचा गठ्ठा वडिलांना सापडला. ते आता फार काम करत नाहीत, सकाळी येऊन कागदांच्या कडा सरळ करत बसतात. त्यांनी वरची प्रत उचलली, चष्मा पुसला, आणि मी ओरडा खायच्या तयारीने उभी राहिले.

“‘अनवधानाने’ चुकलंय,” ते म्हणाले.

मी बघितलं. ‘अनावधानाने’ झालं होतं. अर्धा महाराष्ट्र ते तसंच लिहितो, पण आमच्या छापखान्यातून असं कधी गेलं नव्हतं.

“दुरुस्त करून परत काढते.”

“कशाला? मुळात शब्दच खोटा आहे.” त्यांनी प्रत गठ्ठ्यावर ठेवली. “मी अनवधानाने बोललो नव्हतो. त्याने अनवधानाने केलं नव्हतं. माझ्या वेळी खोटं त्याने लिहायला लावलं. आता त्याच्या सोयीचं खोटं तू छापून देतेस?”

“मग त्यांना सोडून देऊ? सटाण्याचे काका तेच म्हणतात. म्हातारा झालाय तो आता, म्हणे.”

“सोड असं कुठं म्हटलं मी?” वडील म्हणाले. त्यांच्या आवाजात माझ्यापेक्षा जुना राग होता. मी तो इतक्या वर्षांत पहिल्यांदा ऐकला. “माझा विरोध लिहून पाहिजे मला. माफी नको. त्या रजिस्टरात, त्या पानावर.”

मी रात्रभर विचार वगैरे केला नाही, उत्तर समोरच होतं. आपल्याकडे कुठल्याही सभेचा पहिला विषय ठरलेला असतो: ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे.’ ते कोणी वाचत नाही. ‘वाचलं असं समजू,’ म्हणतात, माना हलतात, पुढचा विषय. त्या वाक्यात मी एक मात्रा काढली, एक काना दिला आणि वर एक टिंब ठेवलं. ‘मागील सभांचे.’ नोटीस पंधरा दिवस फलकावर होती. कोणाच्या लक्षात आलं नाही. फक्त वडिलांनी त्या टिंबावर बोट ठेवलं आणि पुढे गेले.

सभा त्याच गच्चीवर. मावशी अध्यक्षांच्या खुर्चीत, पदर खोचून. भाऊ शेवटच्या ओळीत, पाठ भिंतीला. खाली चौकातून ‘वणी, वणी’ करत जीपवाले प्रवाशांना हाका मारत होते. मी म्हटलं, “विषय पहिला, मागील सभांचे इतिवृत्त वाचून कायम करणे.”

“वाचलं असं समजू,” दोन-तीन जण सवयीने म्हणाले.

“नाही,” मी म्हटलं. “वाचते.”

आणि चौदा वर्षांपूर्वीचं ते पान मोठ्याने वाचलं. तारीख, सूचक, अनुमोदक. ‘तळमजल्यावरील स्त्रियांचे स्वच्छतागृह गोदाम म्हणून वापरण्यास ठराव सर्वानुमते मंजूर.’ मग विचारलं, “या सभेला इथले कोण कोण हजर होते?”

बरेच हात वर आले. ते दिसतच होते, लपवायला जागा नव्हती.

“त्या दिवशी एका सभासदाने विरोध केला होता. लिहून घ्या म्हणाला होता. तो ज्यांनी ऐकला त्यांनी हात वर ठेवा. बाकीच्यांनी खाली घ्या.”

काही हात अर्ध्यावर आले. पहिल्यांदा सटाण्याचे काका उठले. एरवी ते आमच्याशी शहरी मराठीत बोलतात, त्या वेळी त्यांची घरची अहिराणी बाहेर आली. “मी आयकं व्हतं,” ते म्हणाले. “आन मी हासनू बी व्हतू. तेबी लिखी ले, माय.”

ऐकलंही आणि हसलोही, दोन्ही मी लिहिलं. अर्ध्यावर आलेले हात एकेक करत पुन्हा वर गेले. झेरॉक्सवाल्याने इकडेतिकडे बघितलं, बहुमत कुठे आहे ते मोजलं आणि त्याचाही हात राहिला. मी वाचून दाखवलं, “दुरुस्ती: सदर ठरावास एका सभासदाचा विरोध होता. तो नोंदवला गेला नव्हता. तो आज नोंदवण्यात येत आहे.” मग शेवटच्या ओळीकडे बघितलं. “भाऊ, तुमचा हात वर नाही.”

“आटप ना पोरी,” भाऊ म्हणाले. “सगळ्यांचं एकमत झालंय ना? लिही सर्वानुमते, आणि पुढे चल.”

“तुमचा हात वर आला तर सर्वानुमते लिहीन. म्हणजे तुम्ही तो विरोध ऐकला होतात, असा अर्थ होईल.”

“मी काही म्हणत नाहीये.”

“मग तटस्थ लिहू? चौदा वर्षांपूर्वी तुम्ही तटस्थ होतात?”

कोणीतरी खुदकन हसलं. मावशींनी टेबलावर हात आपटला. “हसायचं नाय. लय हसलात मागं.” मग त्या भाऊंना म्हणाल्या, “सांगा निवांत. तुम्हाला जे लिवायचं ते लिवलं जाईल.”

भाऊंच्या चेहऱ्याकडे मी टक लावून बघत होते. याच क्षणासाठी मी इतकी वर्षं वाट बघितली होती, त्यातला एक पळही मी कोणाला देणार नव्हते. ऐकलं म्हणावं तर तेव्हाचं हसू, ते अकरा दिवस, तो माफीनामा, सगळं अंगावर येणार. नाही म्हणावं तर अख्ख्या गच्चीसमोर एकटं पडायचं, आणि ते कागदावर राहायचं. ज्या माणसाच्या वाट्याला जन्मभर फक्त सर्वानुमते आलं, त्याला एकटं मोजलं जाणं म्हणजे काय वाटत असेल ते मला समोर दिसत होतं.

“माझं नको लिहू,” ते म्हणाले. त्यांच्या तोंडून विनंती मी पहिल्यांदा ऐकली. “एकट्याचं काय लिहायचं?”

“एकट्याचंच लिहायचंय, भाऊ. तेवढ्यासाठीच पान उघडलंय.”

मग त्यांनी हात वर केला, खांद्याच्याही खाली, जेमतेम. “विरोध,” ते म्हणाले. “माझा विरोध लिही.”

मी छापील ‘सर्वानुमते’वर पेनाने आडवी रेघ मारली. वडिलांनी ते खिळे जुळवले होते, मी ती रेघ दोनदा गिरवली. बाजूला लिहिलं, ‘मूळ ठरावास विरोध: एक.’ त्याखाली, ‘आजच्या दुरुस्तीस विरोध: एक.’ रजिस्टर शेवटच्या ओळीपर्यंत नेलं आणि भाऊंच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी दोन्ही ओळी वाचल्या. वरचा एक आणि खालचा एक, एकाखाली एक. ही एवढीच गोष्ट मला आवडली नाही. माझ्या वडिलांच्या ओळीला त्यांची ओळ चिकटून बसली होती, आणि ती तिथून काढायचा मला काही अधिकार नव्हता. त्यांनी सही केली. मी पेन परत घेतलं.

स्वच्छतागृह उघडायचा ठराव त्यानंतर पाच मिनिटांत झाला. टायर भाऊंच्याच कामगारांनी बाहेर काढले. पहिल्या दिवशी मावशी आत जाऊन आल्या, हात धुतले आणि जिन्याच्या पायथ्याशी उभ्या राहून वर ओरडल्या, “भाऊ, आता या चहाला!”

माफीनाम्याचे बेचाळीस कागद पाठकोरे म्हणून मावशींना दिले. त्यांच्या मागच्या बाजूला त्या आता मापं लिहून घेतात. छाती, कंबर, बाही. कधी कधी कागद उलटा पडला की त्यावरचा ‘अनावधानाने’ दिसतो आणि मला चटका बसतो. माफ केलंय का, असं मला लोक विचारतात. नाही. दर सभेला मी आधी शेवटच्या ओळीकडे बघते, ते आलेत का, आणि प्रत्येक ठरावाला मुद्दाम मोठ्याने विचारते, “विरोधात?” त्यांना तो शब्द दर वेळी ऐकायलाच हवा. गेल्या सभेत त्यांनी माझ्या एका ठरावाला विरोध केला आणि कारणही दिलं. कारण बरोबर होतं. ते लिहिताना माझे दात आवळले गेले होते.

जुनं रजिस्टर संपत आलंय. परवा नव्याचं कच्चं पान जुळवायला घेतलं. वडील मागे येऊन उभे राहिले. ‘श्री.’च्या जागी ‘श्री./श्रीमती’ केलं. ‘सर्वानुमते’ काढलं. ‘बाजूने’, ‘विरोधात’, ‘तटस्थ’ असे तीन रकाने ओढले.

“विरोधाचा अरुंद झालाय,” वडील म्हणाले.

“एकटा माणूस असतो त्यात. किती जागा लागणार?”

“रुंद कर,” ते म्हणाले. “आता सचिव तू आहेस. विरोध तुला होणार.”